ओसरी आणि माजघर

गेल्या वर्षी शाळेत एका मुलीचा अर्ज संगणकावर भरावयाचा होता. शेजारी तिचे वडील बसले होते. फोटो चढवून त्यांनी बटण दाबले मात्र, पडदा जो गोठला तो हलेना. त्यांनी हात चटकन मागे घेतला आणि हळूच विचारले, "गुरुजी, माझ्या हातून काही बिघडलं का हो?"

बिघडले काहीच नव्हते. पान तो फोटो लहान करण्यात गढले होते, म्हणून बोलत नव्हते. पण यंत्र मुके झाले की साधा माणूस अपराध स्वतःकडे घेतो. या मुकेपणाचा इतिहास मोठा मौजेचा आहे. फराळाच्या ताटाशी बसून तो ऐकावयास हरकत नाही.

१९९५ च्या मे महिन्यात नेटस्केप कंपनीतील ब्रेंडन आइक या गृहस्थांनी अवघ्या दहा दिवसांत एका भाषेचा पहिला नमुना सिद्ध केला. तीच पुढे जावास्क्रिप्ट म्हणून प्रसिद्धीस आली. अर्जातली चूक दाखवावी, पानावर थोडी हालचाल करावी, अशी तिची किरकोळ कामे. ती सारी एकाच धाग्यात ओवलेली असत. हाच मुख्य थ्रेड. हिशेब करणारा तोच, पडदा रंगविणारा तोच आणि हाकेला ओ देणाराही तोच. एकट्याचा संसार सोपा असतो. आपण ठेवलेली वस्तू दुसरा कोणी हलवीत नाही.

पण संसार वाढला. १ एप्रिल २००४ रोजी जीमेल आले, पुढल्याच वर्षी गूगलचे नकाशे आले. वाचावयाची पाने आता राबू लागली. दूरच्या संगणकाला निरोप धाडून वाट पाहणे जड नव्हते. तोवर इतर कामे करता येत. जड होते ते घरातलेच दळण. पडदा सेकंदाला ६० वेळा रंगवावयाचा, तर एका खेपेला जेमतेम १६ ते १७ मिलीसेकंद मिळतात. दळण त्याहून लांबले की ओसरीवरच्या पाहुण्याला 'या, बसा' म्हणावयास कोणी उरत नसे. प्रोग्रामर कामाचे तुकडे पाडीत आणि मधून मधून ओसरीवर डोकावून येत. तेवढ्याने भागेना.

मे २००७ मध्ये गूगलने 'गिअर्स' नावाची जोड काढली. तिच्यात आत राबणाऱ्या गड्यांची सोय होती. एप्रिल २००९ मध्ये डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने इयान हिक्सन यांनी संपादिलेला 'वेब वर्कर्स'चा मसुदा प्रसिद्ध केला. त्याच वर्षीच्या जूनमध्ये फायरफॉक्स ३.५ व सफारी ४ यांत ही सोय आली. इंटरनेट एक्सप्लोररला मात्र २०१२ साल उजाडले.

या गड्याला घातलेले नियम आपल्या जुन्या वाड्यांची आठवण करून देतात. त्याने माजघरातच काम करावे, ओसरीवर येऊ नये. पडद्याला त्याचा हात लागावयाचा नाही. बोलणे काय ते निरोपाने. जी वस्तू धाडावयाची तिची नक्कल जाते. अस्सल दिलीच, तर देणाऱ्याचा तिच्यावरचा हक्क संपतो. त्यामुळे एका भांड्यात दोघांचे हात पडत नाहीत.

काहींना ही भिंत जाचू लागली. २०१७ साली दोघांना सामाईक वापरता येईल अशी स्मृतीची जागा ब्राउझरांत आली. जानेवारी २०१८ मध्ये 'स्पेक्टर' हा प्रोसेसरांतील दोष उघडकीस आला, तेव्हा ध्यानात आले की या सामाईक जागेतून अतिशय बारीक घड्याळ बनविता येते आणि वेळेतले सूक्ष्म फरक मोजून दुसऱ्याची गुपिते ताडता येतात. ब्राउझरांनी ती सोय तडकाफडकी बंद केली. पुढे उघडली ती कडक अटींवर. भिंत उगाच नव्हती!

हे सारे त्या दिवशी त्या गृहस्थांना कुठे सांगत बसणार? मी एवढेच म्हणालो, "तुमचं काही चुकलं नाही. घरात एकटाच माणूस आहे, आत दळतोय, येईल बाहेर."

ते हसले आणि म्हणाले, "मग आत एखादा गडी ठेवायचा की!"

जाणत्यांना जे उमगावयास १४ वर्षे लागली, ते त्यांनी एका वाक्यात सांगून टाकले. तेवढ्यात पडदा हलला. गडी ठेवण्याची सोय २००९ पासून आहे. तो अर्ज रचणाऱ्याने ठेवला असता, तर एका बापाला आपला हात असा मागे घ्यावा लागला नसता.