द्विध्रुवीय मनोविकार आणि उपचारातील सातत्य : लिथियमच्या इतिहासाच्या संदर्भात

प्रस्तावना :
उन्माद आणि नैराश्य या दोन टोकांच्या अवस्था ज्या आजारात आलटून पालटून येतात, त्यास द्विध्रुवीय मनोविकार असे म्हणतात. त्यावरील उपचारांचा इतिहास बहुधा औषधाच्या शोधाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. तथापि रुग्णांनी औषध का सोडले व पुन्हा का स्वीकारले, हा प्रश्नही त्या इतिहासात आरंभापासून आढळतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा थोडक्यात विचार केला आहे.

पहिला रुग्ण :
ऑस्ट्रेलियातील मेलबर्नजवळच्या बंडूरा येथील रुग्णालयात डॉ. जॉन केड यांनी मार्च १९४८ मध्ये पाच वर्षे उन्मादावस्थेत असलेल्या ५१ वर्षांच्या एका रुग्णास लिथियम देण्यास प्रारंभ केला. जुलैमध्ये तो घरी गेला व पूर्वीच्या कामावर रुजू झाला. परंतु बरे वाटू लागल्यावर त्याने औषध बंद केले आणि जानेवारी १९४९ मध्ये त्यास पुन्हा दाखल करावे लागले. औषध सुरू होताच तो सुधारला. मात्र १९५० मध्ये लिथियमच्याच विषबाधेने त्याचा मृत्यू झाला. औषध सोडणे धोक्याचे आणि देखरेखीविना घेणेही धोक्याचे, हे दोन्ही धडे या एकाच रुग्णाच्या वाट्यास आले.

देखरेख आणि पुरावा :
१९४९ मध्येच अमेरिकेत मिठाला पर्याय म्हणून वापरलेल्या लिथियम क्लोराइडमुळे मृत्यू घडल्याने या द्रव्याविषयी भीती पसरली. पुढे रक्तातील लिथियमचे प्रमाण मोजण्याची पद्धत रूढ झाली व उपचार सुरक्षित होऊ लागला. डेन्मार्कमध्ये मोगेन्स शाऊ आणि पॉल बास्ट्रुप यांनी १९७० मध्ये ८४ स्त्री-रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. लिथियमवर स्थिर असलेल्या या रुग्णांपैकी ३९ जणींना पाच महिने औषधाऐवजी निष्प्रभ गोळी देण्यात आली. त्यांपैकी २१ जणींचा आजार उलटला. औषध चालू ठेवलेल्या ४५ जणींपैकी एकीचाही उलटला नाही. त्याच वर्षी अमेरिकेत उन्मादासाठी लिथियमला मान्यता मिळाली.

रुग्णाची बाजू :
पुरावा असूनही औषध का सोडले जाते, याचे उत्तर के रेडफील्ड जेमिसन यांच्या १९९५ मधील आत्मकथनात मिळते. मनोविकारशास्त्राच्या प्राध्यापक असलेल्या जेमिसन यांना स्वतःस हा आजार होता. लिथियममुळे वाचन कठीण होणे, उन्मादातील उत्साहाची ओढ आणि आयुष्यभर औषध घेण्याची कल्पनाच न पटणे, यांमुळे त्यांनी अनेकदा औषध सोडले. त्याची परिणती आत्महत्येच्या प्रयत्नात झाली. औषधाने आजार आटोक्यात येतो, परंतु औषध घेत राहण्याचे बळ मानसोपचारातून व आप्तांच्या आधारातून मिळते, असा त्यांचा अनुभव आहे.

समारोप :
उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, उपचार सोडणे हा केवळ रुग्णाचा हट्ट वा बेशिस्त नव्हे. बरे वाटणे हेच पुष्कळदा त्याचे कारण असते. म्हणून नियमित रक्ततपासणी, मात्रेत योग्य बदल, दुष्परिणामांविषयी मोकळा संवाद आणि मानसोपचार यांना उपचाराचेच अंग मानावे लागते. हा आजार बहुधा तरुण वयात, म्हणजे महाविद्यालयीन शिक्षणाच्या काळातच प्रकट होतो. उपचार खंडित झालेल्या विद्यार्थ्याला दोष न देता तो पुन्हा उपचाराकडे कसा वळेल, हे पाहणे शिक्षकांच्या दृष्टीनेही अगत्याचे आहे.