ताऱ्यांच्या वाटेवरची भैरवी

विज्ञानकथांच्या वाचकांना एक कल्पना चांगली परिचयाची आहे. कोठल्या तरी दूरच्या ग्रहावर एक गायकवृंद असतो. तो ग्रह नष्ट होतो, गाणारे कालवश होतात आणि त्यांची अखेरची ध्वनिमुद्रिका अवकाशात भटकत भटकत कोणा परक्याच्या हाती येते. भाषा कळत नाही, तालाचा हिशेब लागत नाही. तरीही हे गाणारे कोण असतील, असा प्रश्न त्या परक्याच्या मनात उभा राहतो. अशी कथा वाचताना आपण नेहमी ऐकणाऱ्याच्या बाजूला बसलेले असतो. परंतु या कल्पनेतील पहिला अर्धा भाग प्रत्यक्षात घडला आहे, आणि तेथे आपली जागा ऐकणाऱ्याची नाही. तो परग्रहावरचा गायकवृंद म्हणजे आपणच.

१९७७ साली अमेरिकेने दोन याने गुरू, शनी आणि त्यांपलीकडील प्रदेशाच्या शोधार्थ पाठविली. 'व्हॉयेजर २' हे २० ऑगस्टला निघाले आणि 'व्हॉयेजर १' हे ५ सप्टेंबरला. दोहोंवर सोन्याचा मुलामा दिलेली, सुमारे ३० सेंटिमीटर व्यासाची एकेक तांब्याची तबकडी बसविलेली आहे. कार्ल सेगन या शास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली तिचा मजकूर ठरला. तीत ५५ भाषांतील अभिवादने आहेत, शंभरावर चित्रे आहेत, वारा, पाऊस व पशुपक्षी यांचे आवाज आहेत, आणि सुमारे ९० मिनिटांचे संगीत आहे. संगीताचे तुकडे २७. ती कशी वाजवावी हे वेष्टणावर आकृत्यांनी कोरले आहे, आणि वाजविण्यासाठी सुईही सोबत दिली आहे.

या २७ तुकड्यांत भारताच्या वाट्याला एक आला. तो केसरबाई केरकर यांच्या स्वरातील 'जात कहाँ हो' ही भैरवी. वेळ सुमारे साडेतीन मिनिटे. केसरबाईंचा जन्म १८९२ चा, गोव्यातील केरी या गावचा. अल्लादियाखाँसाहेबांकडे त्यांनी वर्षानुवर्षे खडतर तालीम घेतली आणि जयपूर घराण्याची पेचदार, दमसासाची कसोटी पाहणारी गायकी आत्मसात केली. 'सूरश्री' म्हणून त्यांचा गौरव झाला; १९६९ साली पद्मभूषण मिळाले. मात्र ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत त्यांचा हात फार आखडता होता. राग तासभर उलगडणाऱ्या गायिकेला तबकडीची तीन-साडेतीन मिनिटे म्हणजे अंगणात समुद्र आणण्यासारखेच. त्यांचे गाणे होते ते समोर बसलेल्या जाणकारांसाठी.

आणि नेमक्या याच गायिकेचा स्वर मानवाने घडविलेल्या सर्वांत टिकाऊ तबकडीवर जाऊन बसला! रॉबर्ट ब्राउन या संगीताभ्यासकाने त्या मुद्रिकेची शिफारस केली. पण ती मिळेना. अखेर न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या विद्युत उपकरणांच्या दुकानात, मागच्या बाजूला एका खोक्यात, तिच्या न उघडलेल्या तीन प्रती सापडल्या. ते खोके आधीच निकालात निघाले असते तर? कोट्यवधी वर्षे टिकू शकेल अशा स्मृतीचा धागा किती बारीक होता, हे येथे दिसते. 'व्हॉयेजर १' निघाल्यानंतर अकराव्या दिवशी, १६ सप्टेंबर १९७७ रोजी, केसरबाईंचे निधन झाले.

भैरवी ही आपल्याकडे मैफलीची सांगता. तबकडीवरील क्रमातही ती शेवटून तिसरी येते. योजकांनी हा संकेत मनात धरला असेल वा नसेल. पण परतीची वाट नसलेल्या यानाला 'कोठे निघालास?' असे विचारणारी भैरवी सोबत मिळावी, याहून समर्पक निरोप कोणता?

आता या तबकडीकडे रायपूरहून पाहू. येथे मराठी माणूस परका नाही. नागपूरकर भोसल्यांचा अंमल अठराव्या शतकात छत्तीसगडावर बसला; बिंबाजी भोसले यांनी १७५८ पासून १७८७ पर्यंत रतनपुराहून कारभार केला. येथून जवळच्या खैरागडास १९५६ साली संगीत विद्यापीठ निघाले, त्याचे कुलगुरुपद श्रीकृष्ण रातंजनकरांनी भूषविले. रायपूरच्या बाजारात तासभर हिंडावे, तर छत्तीसगढी, हिंदी, मराठी, ओडिया, गुजराती कानी पडतात. यांतील हिंदी, मराठी, ओडिया आणि गुजराती या चारही भाषांतील अभिवादने त्या तबकडीवर आहेत. नाही ती छत्तीसगढी. ज्या भूमीवर आपण उभे आहोत, तिचीच बोली तेवढी नाही.

यात कोणाचा दुष्टावा नव्हता. वेळ थोडा होता, आणि बरीचशी अभिवादने अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात, हाताशी असलेल्या भाषकांकडून घाईने मुद्रित करून घेतली गेली. तमिळसारखी प्राचीन भाषाही त्यात राहून गेली. २०११ च्या जनगणनेत छत्तीसगढी सांगणारे १ कोटी ६० लाखांवर होते. पण त्या दिवशी तेथे त्यांच्यापैकी कोणी उभा नव्हता, एवढेच. मराठीच्या वाट्याला आलेले भाग्य हे तिच्या थोरवीचे प्रमाणपत्र नव्हे, हे आपण मराठी श्रोत्यांनी विसरू नये.

जतन होते ते नेहमी सर्वोत्तमच असते असे नाही; कोणीतरी वेळेवर टिपून ठेवलेले असते, तेच उरते. रायपूरचे आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९६३ रोजी सुरू झाले, तेव्हा पंडवानी, भरथरी, ददरिया यांना घरचा ध्वनिक्षेपक लाभला. त्यापूर्वीचे कित्येक गायक गाऊन गेले आणि त्यांचा स्वर ऐकणाऱ्यांबरोबरच विझला. त्यांच्यासाठी कोठल्याही दुकानात खोके शिल्लक नव्हते.

'व्हॉयेजर १' ने २०१२ साली आणि 'व्हॉयेजर २' ने २०१८ साली आंतरतारकीय अवकाशात पाऊल टाकले. त्यांची वीज आटत चालली आहे. एके दिवशी ती मूक होतील, तबकड्या मात्र पुढे जात राहतील. सुमारे ४०,००० वर्षांनी त्यांतील एक दुसऱ्या एका ताऱ्यापासून दीड-दोन प्रकाशवर्षांच्या अंतरावरून जाईल. तेथे कोणी ऐकेल की नाही, हा प्रश्न आपल्या हातातला नव्हे. आपल्या हातात आहे ते इतकेच, की गावोगावच्या ज्या वृद्ध कंठांत अजून गाणे आहे, त्यांच्यासमोर ते कंठ थकण्यापूर्वी जाऊन बसावे आणि ते गाणे टिपून घ्यावे.