छंद, नाद, वेड वगैरे

गंगापूर रोडवरच्या आमच्या शाखेत मी चिकटलो तेव्हा संगणक येऊन बसले होते आणि कोऱ्या राहिलेल्या खातेवह्या रद्दीत निघत होत्या. त्यांतली एक साहेबांना विचारून मी घरी आणली आणि तीत मराठी शब्द मांडू लागलो. एका रविवारी या वहीपायी भाजी आणायची राहिली. आई म्हणाली, "छंद आहे त्याचा, असू दे." सौभाग्यवती म्हणाल्या, "छंद कसला? खूळ आहे!" शेजारचे काका "नाद वाईट" एवढेच बोलले. चिरंजीवांनी मोबाइलमधून मान वर न काढता निकाल दिला, "बाबा ऑब्सेस्ड आहेत."

माणूस एक, वही एक आणि पाच मिनिटांत चार शब्द! कॉमर्सचा पदवीधर असल्यामुळे मला वाटले, प्रत्येकाचे खाते वेगळे उघडलेच पाहिजे.

छंद हे बचत खाते. फावल्या वेळाची शिल्लक त्यात पडते आणि थोडे व्याजही मिळते. नाद हे चालू खाते. उलाढाल रोजची, व्याज शून्य. शिवाय छंद आपला आपल्याला जडतो, नादी मात्र दुसऱ्या कुणाच्या तरी लागावे लागते. व्यसन हे थकीत कर्ज. संस्कृतात या शब्दाचा एक अर्थच 'संकट' असा आहे, आणि तो वसुलीवाल्यांना समजावून सांगावा लागत नाही. खूळ डोक्यात शिरते आणि बहुधा आल्या वाटेने निघूनही जाते. वेड लागते. ध्यास मात्र घ्यावा लागतो, म्हणजे तिथे स्वतःची सही लागते!

यातले पुष्कळ शब्द भुताखेतांच्या वस्तीतून आले आहेत. झपाटणे, पछाडणे ही तर उघड भुतांचीच कामे. संतांच्या लाडक्या 'पिसे' या शब्दाच्या मुळाशीही पिशाच बसलेले आहे. अरबांकडे गेलो तर तिथे जिन्न हजर. मजनू म्हणजे जिन्नाने धरलेला. चिरंजीवांच्या ऑब्सेशनचे मूळ लॅटिनमध्ये आहे. त्याचा अर्थ वेढा घालून बसणे. वेढा आणि वेड यांत फक्त काना आणि एका अक्षराचा फरक, हे पाहून मी इतका खूश झालो की त्या दिवशी दूधही उतू गेले.

आता या खात्यांना खातेदार हवेत. पहिला आमच्या रस्त्यावरच सापडला. शहरातून गंगापूरच्या बाजूला जाताना आनंदवल्ली लागते. गावाला नाव आनंदीबाईंचे, आणि राघोबादादांचा मुक्काम इथे असे. १७५८ साली मराठी फौजा अटकेपर्यंत गेल्या त्या मोहिमेचा हा सेनापती. एवढे जमा असताना माणसाने गोदाकाठी स्वस्थ बसावे की नाही? पण डोळा पेशवाईच्या गादीवर. ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्यात शनिवारवाड्यात पुतण्या नारायणरावाचा खून झाला. दादा पेशवे झाले, काही महिन्यांत बारभाईंनी त्यांना बाहेर काढले, आणि ते मदत मागायला इंग्रजांकडे गेले. १७७५ चा सुरतेचा तह तो हाच. १७८३ साली दादा कोपरगावला वारले. गादी राहिली ती राहिलीच, इंग्रज मात्र घरात आला. याला मराठीत एकच शब्द आहे, हव्यास. हव्यासाचे व्याज दुसऱ्यांना भरावे लागते.

दुसरा खातेदार त्र्यंबकेश्वरचा. धुंडिराज गोविंद फाळके, जन्म १८७०. मुंबईत ख्रिस्ताच्या चरित्रावरचा चित्रपट पाहिला आणि गृहस्थ झपाटले. पडद्याकडे पाहून पाहून दृष्टी गेली, ती उपचारांनी परत आली. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून १९१२ साली लंडन गाठले आणि कॅमेरा आणला. सावकारांची खात्री पटावी म्हणून कुंडीतला वाटाणा उगवतानाचे चित्रण करून दाखवले. पुढे ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. मग त्यांनी बिऱ्हाड आमच्या नाशकात हलवले. २००९ च्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' या चित्रपटात मंडळी त्यांना थेट वेड्यांच्या इस्पितळात नेतात. थिएटरात आम्ही सगळे हसलो.

घरी येऊन मी हसायचा थांबलो. समजा, हा अर्ज माझ्या काउंटरवर आला असता. तारण, विमा पॉलिसी, ठीक. व्यवसाय, छपाईच्या धंद्यातून बाहेर पडलेले. कर्जाचे कारण, हलती चित्रे. मी चष्मा कपाळावर सारून म्हटले असते, "फाळकेसाहेब, हे खूळ सोडा."

असते कशाला, म्हटलेच आहे. मागे एक तरुण आमच्याकडे आला होता. चाळीत साठवलेला कांदा सडायला लागण्याआधी सूचना देईल असे यंत्र त्याला करायचे होते. नकाशे होते, तारण नव्हते. कर्ज देणारा मी नव्हेच, पण साहेबांच्या केबिनपर्यंत जायच्या आतच मी त्याला मायेने सांगितले, "अरे, हा नाद सोड, एखादं दुकान टाक." त्याने नकाशांची गुंडाळी केली, "बरं काका" म्हणाला आणि गेला. पुन्हा आला नाही.

फाळक्यांच्या घरात सरस्वतीबाई होत्या. फिल्मला भोके पाडणे, रसायने कालवणे, उन्हात पांढरी चादर धरून उभे राहणे आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, एवढे सगळे त्यांनी केले. नवऱ्याला काय झाले आहे याला त्यांनी कोणता शब्द वापरला असेल? गावाला ध्यास हा शब्द सिनेमा चालल्यावर सुचतो. पैसे जात असतात तोवर सगळी खुळेच. चादर धरणाऱ्याला मात्र आधीच ठरवावे लागते.

हे मी घरात वाचून दाखवले. सौभाग्यवतींनी ऐकून घेतले, वही उचलली आणि तिच्यावर साडीचे जुने काठ लावून कव्हर घातले. "पानं सुटायला लागली होती," म्हणाल्या. शब्द कोणताच वापरला नाही.

वहीत त्या कांद्यावाल्या मुलाचेही एक पान आहे. नावापुढचा रकाना मी कोरा ठेवला आहे.