गाविलगड आणि उसनी बंदूक

एका देशाचें हत्यार दुसऱ्यानें घ्यावें आणि आपल्या सोयीनें वापरावें, हा प्रघात जुनाच आहे. रशियांत जन्मलेली कलाश्निकोव्ह रायफल हंगेरीनें आपलीशी केली. पुढें तिची नळी आंखूड करून, पुढल्या बाजूस दुसरी मूठ बसवून, १९६५ सालाच्या नांवानें ओळखला जाणारा निराळाच नमुना तेथें सिद्ध झाला. आमच्या वऱ्हाडानेंहि अशा उसन्या बंदुकीचा अनुभव एकदां घेतला आहे.

धारणीहून सेमाडोहच्या रानांतून दक्षिणेस आलें, म्हणजे चिखलदऱ्याजवळ गाविलगड लागतो. हा किल्ला नागपूरकर भोंसल्यांचा. २९ नोव्हेंबर १८०३ रोजीं अडगांवच्या लढाईंत त्यांच्या फौजेचा मोड झाला, तेव्हां बेनीसिंगाच्या कवायती पायदळाचा मोठा भाग या गडावर येऊन राहिला. या शिपायांच्या हातीं तोड्याच्या बंदुका नव्हत्या. संगिनी लावलेल्या इंग्रजी बंदुका होत्या. तेव्हां तटाच्या आंत व बाहेर हत्यार एकाच जातीचें होतें.

मग निकाल कशानें लागला? गडाची दक्षिण बाजू ताठ कड्यांची. हल्ल्यास जागा ती उत्तरेकडे. कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेनें ७ ते १२ डिसेंबरपर्यंत डोंगरांतून स्वतः रस्ता करीत आणि जड तोफा बहुतेक हातांनींच ओढीत ती बाजू गांठली. जनरल वेलस्ली दक्षिणेकडून मारा करीत होता. १५ तारखेस बाहेरच्या तटाच्या भगदाडांतून सैन्य आंत घुसलें. आंतला तट अद्याप अभंग होता. पण कॅप्टन कॅम्बेलच्या तुकडीनें शिड्या लावून तो ओलांडला व दरवाजा उघडला. बेनीसिंग आणि किल्लेदार यांचीं प्रेतें दरवाजाजवळच्या ढिगांत सांपडलीं. दोन दिवसांनीं देवगांवचा तह होऊन वर्धेच्या पश्चिमेकडील वऱ्हाडावरचा हक्क भोंसल्यांनीं सोडला.

धैर्यांत वा बंदुकींत गडावरचे लोक उणे होते, असें म्हणवत नाहीं. पण स्टीव्हन्सनच्या फौजेंत गोरी पलटण थोडी. बहुतेक शिपाई मद्रासकडचे, हिंदी. भोंसल्यांनीं इंग्रजांची बंदूक उसनी घेतली, इंग्रजांनीं आमचीं माणसें उसनीं घेतलीं. या दोहोंपैकीं कोणतें उसनें अधिक महाग पडलें, तें गाविलगडच्या पडक्या तटांपाशीं उभें राहिलें असतां सहज कळतें.