उन्हाळ्यात लघवी कमी झाली? कारण दरवेळी ऊनच असतं असं नाही

एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४३ अंशांच्या वर जातो. अशा दिवसांत कुणाची लघवी कमी झाली, पाय सुजले, मळमळू लागलं की घरच्या घरी निदान होतं: ऊन लागलंय, पाणी पी. बऱ्याचदा ते बरोबरही असतं. पण किडनी काही दिवसांत बंद पाडणारा एक आजार नुसत्या पाण्यानं बरा होत नाही.

प्रत्येक किडनीत साधारण १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात आणि प्रत्येक गाळणीला जोडलेली एक नलिका. गाळण्यांतून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातला जवळपास सगळा नलिका परत शोषून घेतात, म्हणून लघवी दीड-दोन लिटरच होते.

उष्माघात, जुलाब, रक्तदाब घसरणं, अंगात पाणी कमी असताना घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या यांचा मार नलिकांवर बसतो. उसाच्या फडात घोणस चावली तरी बहुतेकदा हेच होतं. या पेशी पुन्हा तयार होतात. मूळ कारण दूर केलं, गरजेपुरतं डायलिसिस दिलं, तर अनेक रुग्णांची किडनी काही आठवड्यांत सावरते.

दुसऱ्या प्रकारात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणाच गाळण्यांवर उलटते. ल्युपस, अँका व्हॅस्क्युलायटिस, गुडपाश्चर ही त्यामागची काही कारणं. गाळणीभोवती चंद्रकोरीच्या आकाराचा पेशींचा थर साचतो आणि पुढे तिथे कायमचा व्रण होतो. व्रण झालेली गाळणी परत येत नाही. म्हणून स्टिरॉइड, सायक्लोफॉस्फामाइड किंवा रिटुक्सिमॅब, काहींना प्लाझ्मा बदलण्याचे उपचार तातडीने सुरू करावे लागतात. इथे आठवडाभराची वाट महागात पडते.

गंमत म्हणजे क्रिएटिनिन दोन्हीत वाढतं, त्यामुळे नुसत्या त्या आकड्यावरून काही कळत नाही. फरक दाखवते ती लघवीची साधी तपासणी. सूक्ष्मदर्शकाखाली तपकिरी, चिखलासारखे साचे दिसले तर संशय नलिकांवर. रक्त, प्रथिनं आणि लाल पेशींचे साचे दिसले तर गाळण्यांवर. दोन्ही बिघाड एकत्रही असू शकतात. खात्रीसाठी बायोप्सी लागते.

लघवी चहाच्या किंवा कोलाच्या रंगाची, फेसाळ झाली किंवा खोकल्यातून रक्त आलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत. आणि लघवी जवळजवळ बंद झालेल्या माणसाला तांब्यामागून तांब्या पाणी पाजू नये. ते फुप्फुसात साचून धाप लागते.