व्हिक्टोरियाची सोनभूमी आणि सर्व धातू ऐकण्याची रीत

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरियात १८५१ मध्ये सोन्यासाठी जी झुंबड उडाली, तिने बॅलरॅट आणि बेंडिगो ही शहरे भरभराटीला आणली, जा जा वुरुंग या मूळ रहिवाशांची भूमी उलथीपालथी केली आणि ओसरताना मागे असंख्य खड्डे, उपसलेल्या मातीचे ढिगारे व गंजके लोखंड ठेवले. त्या काळातील खणणाऱ्यांची भिस्त डोळ्यांवर आणि माती धुण्याच्या पाण्यावर होती, त्यामुळे तांबड्या चिकणमातीने लडबडलेला सोन्याचा गोळा दगड समजून ढिगाऱ्यावर फेकला गेला, तर तो हातचा जाई. मोलियागुल येथे १८६९ मध्ये मिळालेला, सुमारे ७० किलो सोने देणारा ‘वेलकम स्ट्रेंजर’ हा गोळा जमिनीखाली काही सेंटीमीटरवरच होता. तेव्हा उथळ मातीत सोने उरले असावे, हा पुढच्या पिढ्यांचा विश्वास निराधार नव्हता.

जमिनीतील धातू ओळखणारे यंत्र मात्र सोन्यासाठी जन्मले नाही. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातील गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ मध्ये असे उपकरण वापरले आणि बिछान्यातील धातूच्या स्प्रिंगांनी त्यात व्यत्यय आणला. भोवतालचा धातू संदेश बिघडवतो, ही या तंत्राची मूळ अडचण तेव्हाच दिसली. दुसऱ्या महायुद्धात हीच विद्या भूसुरुंग शोधण्यासाठी कामी आली. या आरंभीच्या यंत्रांना धातूचे प्रकार वेगळे करता येत नसत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील बागांमध्ये नाणी शोधणाऱ्यांना बाटल्यांची झाकणे आणि डब्यांच्या कड्या उकरून उबग आला, तेव्हा नको असलेल्या धातूबाबत मौन पाळणारी यंत्रे आली. या क्षमतेला डिस्क्रिमिनेशन, म्हणजे धातूंची निवड, असे म्हणतात.

ही सोय व्हिक्टोरियाच्या मातीत अपुरी का पडली, हे समजण्यासाठी यंत्राचे कार्य पाहावे लागते. कॉइलमधील बदलता विद्युत्प्रवाह जमिनीत बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो, त्यामुळे धातूत भोवरी प्रवाह उठतात आणि त्यांचा प्रतिसाद कॉइलपर्यंत परत येतो; तो मूळ संदेशापेक्षा किती मागे पडला, म्हणजे त्यांतील कलांतर किती, यावरून यंत्र लोखंड व इतर धातू वेगळे करते. परंतु कोकणातील जांभ्याप्रमाणे दीर्घकाळच्या झिजेने लोहसंयुगे साठून तांबडी झालेल्या जमिनीत मॅग्नेटाइट व मॅग्हेमाइट ही चुंबकीय खनिजे असतात आणि त्यांचा प्रतिसाद सोन्याच्या लहान कणाच्या प्रतिसादापेक्षा कितीतरी पटींनी प्रबळ असतो. दोन्ही मिसळले की कलांतर सरकते, आणि खोलवरच्या सोन्याला लोखंड समजून यंत्र गप्प बसते. ऑल-मेटल मोडमध्ये ही निवडच बंद असते: ग्राउंड बॅलन्सने, म्हणजे जमिनीच्या स्वतःच्या प्रतिसादाचे संतुलन साधून, तेवढाच भाग वजा केला जातो आणि उरलेला प्रत्येक बदल कानापर्यंत पोहोचतो. निर्णय यंत्राकडून माणसाकडे परत येतो, हे या रीतीचे खरे महत्त्व आहे.

तो निर्णय सोपा नाही. हेडफोनमध्ये मंद, अखंड आवाज ठेवला जातो, ज्याला थ्रेशोल्ड म्हणतात. धातूवरून कॉइल गेली की तो नेमकेपणाने उंचावतो, तर खनिजयुक्त पट्ट्यावरून जाताना तो पसरट फुगतो किंवा दबतो. संशय आला की शोधणारा काटकोनात दुसरी फेरी मारतो, बुटाने वरची दोन बोटे माती खरवडतो आणि पुन्हा ऐकतो: आवाज वाढला तर लक्ष्य खाली आहे, आणि सरकला तर ते खरवडलेल्या मातीत आले आहे. ज्याला हॉट रॉक म्हणतात तो लोहयुक्त दगड धातूसारखा बोलतो, म्हणून तो उचलून बाजूला ठेवून जागा पुन्हा तपासावी लागते. कुदळीला बसवलेल्या चुंबकाला जुने खिळे चिकटतात. दिवसभराच्या श्रमाचे फळ बहुतेकदा एवढेच असते. तरीही खिळे टाळण्यासाठी निवड चालू करणाऱ्याने सोनेही टाळण्याची जोखीम पत्करलेली असते, आणि या भागातील अनुभवी शोधकांचा ‘प्रत्येक आवाज खणा’ हा आग्रह त्यातूनच आलेला आहे.

१९८० मध्ये किंगोवरजवळ अशाच यंत्राने सुमारे ३० सेंटीमीटर खोलीवर ‘हँड ऑफ फेथ’ हा २७ किलोंहून अधिक वजनाचा गोळा शोधून काढला आणि नव्या शोधकांची रीघ लागली. पुढे १९९० च्या दशकात अ‍ॅडलेडच्या माइनलॅब कंपनीने स्पंदन-पद्धतीची यंत्रे सोनशोधकांच्या हाती दिली. ही यंत्रे प्रवाहाचा झटका देऊन तो थांबल्यानंतरचा प्रतिसाद मोजतात, त्यामुळे खनिजांचा अडथळा पुष्कळ घटतो. परंतु लोखंड ओळखण्यात ती दुबळीच होती, आणि सर्व धातू ऐकण्याची शिस्त त्यांनी मोडली नाही, उलट पक्की केली. एकोणिसाव्या शतकातील खाणकामगारांनी लढून मिळवलेला ‘मायनर्स राइट’ हा परवाना आजही तेथे काढावा लागतो, आणि तो घेणाऱ्याने खिळ्यासाठी खणलेला खड्डासुद्धा बुजवायचा असतो.