बेटावर जाताना काय न्यावं?

माणसाचा स्वभाव त्याच्या बॅगेवरून ओळखावा, असं माझं जुनं मत आहे. हे मत मी घरात बोलून दाखवत नाही, कारण आमच्या घरातल्या बॅगा ही भरते. माझ्याकडे फक्त यादी करण्याचं खातं आहे. यादी मी करतो, तिच्यावर ही एक नजर टाकते, "छान आहे हो" म्हणते आणि नंतर स्वतःच्या मनाला येईल ते बॅगेत भरते.

आयुष्याची चाळीसएक वर्षं महाबळेश्वर, माथेरान आणि मेहुण्याचं घर एवढ्यावर काढल्यानंतर आम्ही मॉरिशसला जायचं ठरवलं. तारखा ठरल्या त्या नेमक्या गणपतीतल्या. त्या वर्षी गणपती थोरल्या दिरांकडे होता, म्हणून हिने नाखुशीने होकार दिला. लगेच मी यादीला बसलो. उष्ण कटिबंधातलं बेट! टोपी, काळा चष्मा, उन्हाचं मलम, डासांचं मलम, सुती सदरे, आणि पोहण्याची चड्डी. मला पोहता येत नाही, पण बेटावर जाणाऱ्या माणसाच्या यादीत ती नसेल तर लोक काय म्हणतील?

हिच्या बॅगेत निघालं ते असं : चिवडा, मेतकूट, भाजणी, दोन स्वेटर आणि पितळेच्या झांजा.

"अगं, समुद्रकिनाऱ्यावर स्वेटर?"

"तिकडे आत्ता थंडी असते, भूगोलात शिकलो नाही का आपण? विषुववृत्ताच्या खाली ऋतू उलटे."

भूगोलात माझे गुण कधीच सांगण्यासारखे नव्हते. म्हणून मी मोर्चा झांजांकडे वळवला. त्यांचं वजन आठशे ग्रॅम भरलं. विमान कंपनी प्रत्येक किलोचा हिशेब ठेवते, आणि तिथे आपण झांजा वाजवणार कुणापुढे? हिने त्या मुकाट्याने बाहेर काढल्या. इतक्या मुकाट्याने, की मला संशय यायला हवा होता.

ही बाब तत्त्वाची होती. म्हणून मी इतिहासाचा आधार घ्यायचं ठरवलं आणि आजवर या बेटावर कोण काय घेऊन गेलं ते वाचून काढलं. वाचताना लक्षात आलं, की मॉरिशसचा सगळा इतिहास म्हणजे लोकांनी नेलेल्या सामानाचाच इतिहास आहे. बेट मुळात निर्मनुष्य. तिथे माणूस, ऊस, हरीण, उंदीर जे काही आहे ते कुणी ना कुणी जहाजातून आणलेलं.

मूळचे रहिवासी म्हणावेत तर ते डोडो पक्षी. त्यांना उडता येत नव्हतं आणि उडण्याचं कारणही नव्हतं. १५९८ साली डच लोक उतरले. त्यांनी आपल्या राजपुत्र मॉरिसचं नाव बेटाला दिलं. १६३८ मध्ये त्यांनी वस्ती केली आणि पुढच्याच वर्षी जावाहून ऊस आणि हरणं आणली. हे यादीतलं सामान. पण येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांतून यादीत नसलेलंही बरंच उतरलं : उंदीर, डुकरं, माकडं. जमिनीवर अंडं घालणाऱ्या डोडोला त्यातला एकही पाहुणा मानवला नाही. १६६२ नंतर कुणी डोडो पाहिल्याची भरवशाची नोंद मिळत नाही. डच स्वतःही १७१० मध्ये बेट सोडून गेले. ऊस मात्र राहिला, हरणं राहिली, आणि उंदीर तर राहिलेच. पाहुण्याने न मोजलेलं सामानच यजमानाला सर्वांत महाग पडतं, हे आमच्याकडे मुक्कामाला येणाऱ्या माणसांवरून मला ठाऊक होतं.

डचांमागून १७१५ साली फ्रेंच आले. त्यांच्यातला पिएर प्वाव्र हा गृहस्थ माझा फार आवडता झाला. प्वाव्र म्हणजे फ्रेंच भाषेत मिरी. काही घराण्यांत मुलाचा धंदा आडनावच ठरवतं. लवंग आणि जायफळ यांची मक्तेदारी त्या काळी डचांच्या हातात होती, आणि रोपं बाहेर जाऊ नयेत म्हणून ते डोळ्यांत तेल घालून पहारा करत. इंग्रजांशी झालेल्या चकमकीत तोफगोळ्याने प्वाव्रचा उजवा हात गेलेला. तरीही त्याने १७७० मध्ये माणसं पाठवून ती रोपं मोलुकास बेटांतून पळवून आणवली. एका हाताच्या माणसाची एवढी हातसफाई इतिहासात दुसरी नसेल. पुढे लवंगेची रोपं या भागातूनच झांझिबारला गेली. म्हणजे आपल्या मसालेभातात झांझिबारची लवंग पडली, तर तिच्यामागे एक चोरीचं सामान आहे.

१८१० मध्ये बेट इंग्रजांनी घेतलं. १८३६ साली तिथे चार्ल्स डार्विन उतरला. बेटाच्या सर्वेक्षण खात्याच्या प्रमुखाने, कॅप्टन लॉइड याने, त्याला फिरायला चक्क हत्ती दिला. त्या वेळी बेटावर तेवढा एकच हत्ती होता. डार्विनला त्याचं नवल वाटलं ते पावलांचा आवाज होत नाही याचं. मला नवल वाटलं ते निराळंच : हा हत्ती बेटावर न्यायचा असं ज्याने यादीत लिहिलं, त्याची बायको त्याला काय म्हणाली असेल? इथे झांजांच्या आठशे ग्रॅमवरून वाद!

बॅगेवरून वाद घालणाऱ्या नवऱ्यांत मी एकटा नव्हे, हाही दिलासा मला याच वाचनात मिळाला. १९०१ साली गांधीजी दक्षिण आफ्रिकेतून हिंदुस्थानात परतताना वाटेत मॉरिशसला थांबले होते. निघण्यापूर्वी डर्बनच्या लोकांनी त्यांना दागिन्यांच्या भेटी दिल्या, त्यात कस्तुरबांसाठी पन्नास गिनींचा सोन्याचा हार होता. गांधीजींनी ठरवलं, हे सामान न्यायचं नाही. बांचं म्हणणं, उद्या सुना येतील त्यांना काय घालू? शेवटी गांधीजींचं खरं झालं आणि सगळ्या भेटी सार्वजनिक कामासाठी विश्वस्तांच्या हाती गेल्या. ही गोष्ट मी हिला मोठ्या उत्साहाने सांगितली. ती म्हणाली, "ते महात्मा होते, तुम्ही निवृत्त हेडक्लार्क आहात. झोपा आता."

मॉरिशसला आम्ही उतरलो तो भुरभुर पाऊस आणि बोचरा वारा. दुसऱ्या दिवशी पठारावर गेल्यावर मी गुपचूप स्वेटर मागून घेतला. रस्त्यावर हातगाडीवर ढोल पुरी मिळते, डाळ भरलेली मऊसूत पोळी. हिने एक घास घेऊन निकाल दिला : "पुरणपोळीच आहे. गूळ घालायला विसरले."

तिसऱ्या दिवशी पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर गेलो. गुलामगिरी संपवण्याचा कायदा झाल्यावर उसाच्या मळ्यांना माणसं हवी होती. १८३४ मध्ये 'अॅटलस' जहाजातून पहिले छत्तीस मजूर कलकत्त्याहून आले आणि १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसं या बेटावर उतरली. करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये. त्यात मुंबई बंदरातून निघालेले आपले कोकणातले लोकही होते, रत्नागिरीकडचे. २००६ साली युनेस्कोने हा घाट जागतिक वारसा म्हणून जाहीर केला. पाहायला म्हणाल तर जुन्या भिंती आणि दगडाच्या सोळा पायऱ्या. याच पायऱ्या चढून माणसं वर आली. मी पायऱ्या मोजत होतो. ही खाली बघत उभी होती. म्हणाली, "अहो, पण यांचं सामान केवढं असेल?"

मी इतका अभ्यास करून आलेला माणूस. डचांचं सामान मला पाठ, प्वाव्रचं पाठ, डार्विनचा हत्ती पाठ. पण ज्यांच्या श्रमावर हे बेट उभं राहिलं, त्यांच्या बोचक्यात काय होतं ते मी पाहिलंच नव्हतं. एखादं धोतर, एखादं घोंगडं, एखादं भांडं, यापलीकडे असून असणार काय? पाच वर्षांनी परत जाऊ म्हणून निघालेला माणूस फार काही घेत नाही. पुष्कळजण परत गेलेच नाहीत.

त्याचं उत्तर गणेश चतुर्थीला मिळालं. या दिवसात तिथे सरकारी सुट्टी असते. समुद्रावर विसर्जनाला माणसं जमली होती. आपसात बोलत होती ती क्रिओल भाषेत, मला त्यातलं अक्षर कळेना. मग पुरुषांनी फेर धरला. तिथे त्याला झाकरी म्हणतात. आपली रत्नागिरीची जाखडीच ती. आणि आरती सुरू झाली. उच्चार थोडे निराळे, पण शब्द तेच. पाच पिढ्यांपूर्वी कुणा माणसाने ती बोचक्यात नव्हे, तोंडात घालून आणली होती. तिचं वजन कुणी केलं नाही, नोंद कुणी केली नाही, आणि उपाशीपोटीसुद्धा ती कुणाला विकावी लागली नाही. साहेबाने बेटावर जिवंत हत्ती आणला, त्याचं पुढे काय झालं देव जाणे. आमच्या माणसांनी हत्तीचं नुसतं मस्तक मनात धरून आणलं, ते अजून दरवर्षी येतं.

माझ्या घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं. तेवढ्यात कानाशी खणखणीत आवाज आला. पाहतो तर ही झांजा वाजवत उभी! स्वेटरात गुंडाळून आणल्या होत्या म्हणे. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी हात पुढे केला, हिने एक जोड त्यांच्या हातात दिला. दोघींना एकमेकींचं बोलणं कळत नव्हतं, ठेका मात्र चुकत नव्हता.

परतताना बॅग बरोबर आठशे ग्रॅमनी हलकी भरली. मी विचारलं नाही. घरी येऊन यादीतली पोहण्याची चड्डी तेवढी खोडली आणि तिच्या जागी लिहिलं : झांजा, दोन जोड.